उतरताना लिफ्ट

रविवार संध्याकाळ, मुलुंड

आज डॉक्टर दादाला म्हणाले, आता डोंगर विसरा. माझ्या भावाचं वाटोळं मीच केलं. हिमाचलातल्या त्या उंचावरच्या तळ्यासाठी दोन महिने आम्ही दोघं सोसायटीचे चौदा मजले चढत होतो. उतरताना मात्र लिफ्ट. "कशाला फुकट वेळ घालवायचा, दादा?" ही अक्कल मीच पाजळली. तळ्यापर्यंतची खडी चढण तो माझ्याआधी चढला, एकदम झकास. उतरताना गुडघा गेला. उतरायचा सराव केलाच कुठे होता? दर वेळी लिफ्ट!

मघाशी दवाखान्यातून आलो, तर तीच लिफ्ट बंद. दादा जिन्याकडे बघत खालच्या बाकावर बसला. "तू जा वर. चालू झाली की येतो मी."

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो.