पेटीतलं गोणपाट

अक्का, काल मुलाच्या घरी गेले तर त्यानं कुत्र्याचं पिल्लू आणलेलं. त्याच्यासाठी लोखंडी जाळीचा पिंजरा, पिंजऱ्यात मऊ गादी आणि त्या गादीवर रोज घाण. नवरा-बायको दोघंही रडकुंडीला आलेली. मुलगा मोबाइलमधून वाचून दाखवत होता की कुत्रं आपल्या झोपायच्या जागी घाण करत नाही, आणि ते पिल्लू त्याच्याकडे बघत बघत तिथंच बसत होतं. मी म्हटलं, गादी उचल आणि गॅलरीत टाक, मग बघ. तो म्हणाला, ‘‘हे तुला कुणी शिकवलं?’’ मी ‘‘अक्कांनी’’ म्हणून मोकळी झाले. पण घरी आल्यापासून डोकं नुसतं भणभणतंय. तुम्ही खरंच शिकवलंत का? की तुम्ही चिडून ते गोणपाट भिरकावलंत आणि पुढचं आपोआप झालं? सासू म्हणून तुम्ही मला सांगितलं नाही असं काही शिल्लक नव्हतं. नेमकं हेच तेवढं राहिलं, आणि मीही विचारलं नाही.

तुम्हाला आठवत असेल. मी धुळ्याला येऊन जेमतेम एक पावसाळा झाला होता. आबामामंजींचं आडतीच्या कामासाठी जळगावला डाळमिलमध्ये येणंजाणं असायचं. तिथल्या रखवालदाराच्या कुत्रीनं रिकाम्या गोण्यांच्या थप्पीमागे, पसरलेल्या गोणपाटांवरच पिल्लं घातली होती. त्यातल्या एका पांढऱ्या पिल्लाचा बाप पामेरियन आहे असं त्या माणसानं आबांच्या गळी उतरवलं. त्या वर्षांत ज्याच्या दारात पामेरियन तो साहेब, मग आबा कशाला मागे राहतील? एसटीतून पिशवीत घालून घेऊन आले. तुम्ही दारातच अडवलंत, हे काय आणलंत म्हणून. ‘‘हाई काय लई उनात?’’ आबा म्हणाले, विलायती शे. तुम्ही पिशवीत डोकावून बघितलंत आणि म्हणालात, ‘‘बठ्ठं घर घान करी हाई विलायती.’’

पिल्लू माझ्या गळ्यात पडलं, कारण मी शेतकऱ्याची पोर, मला जनावरांचं कळत असणार. आता तुम्हाला काय सांगायचं! आमच्या रावेरकडे कुत्री खळ्यात राहायची, तिथंच मोठी व्हायची, त्यांना कुणी काही शिकवायचं असतं हेच मला नवीन. पण सांगायची हिंमत नव्हती. बाजारातून सफरचंदाची लाकडी पेटी आणली, मागच्या पडवीत न्हाणीशेजारी ठेवली. त्याला टोचू नये म्हणून आत स्वच्छ गोणपाट अंथरलं. सकाळी बघते तर गोणपाट ओलं. धुतलं, वाळवलं, दुसरं घातलं, तेही ओलं. मी त्याला परसात सोडायचे. तिथं ते शहाण्यासारखं हिंडायचं, तुळशीपाशी वास घ्यायचं, माझ्या पायाशी यायचं, काहीही करायचं नाही. आत पेटीत ठेवलं की लगेच गोल फिरून बसलंच. मला वाटायचं हे माझ्यावर मुद्दाम सूड उगवतंय. तुम्ही स्वैपाकघरातून एकच सांगितलंत, ‘‘दिवाईलगून शिकनं नही तं परत धाडी देसूत.’’ दिवाळीपर्यंतची मुदत, नाही तर परत पाठवणी.

तुम्ही कुत्र्याबद्दल बोलत होतात, हे मला आता कळतं. निदान बहुतेक तसंच असावं. पण तेव्हा मी भाकरी थापत होते आणि माझा हात थांबला. कारण त्या दिवसांत तुमचं माझ्याबद्दलही हेच चाललेलं: भाकरी जाड, आवाज मोठा, बोलणं कसं ते, डोक्यावरचा पदर कुठं. आणि माझ्या माहेरी एक चुलतबहीण होती, पहिल्या दिवाळीला भाऊ तिला घेऊन आला ती आलीच. सासरचं कुणी न्यायला फिरकलं नाही. तिच्याबद्दल घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे, फक्त ती कुठल्या खोलीत आहे ते बघून बाकीच्या बायका आवाज खाली आणायच्या. माझाही भाऊ दिवाळीला येणार होता. पिल्लू शिकलं नाही तर ते जाईल, आणि त्याच्यामागे मी. हसाल तुम्ही. पण मी त्या पेटीशी बसून त्या मुक्या जिवाच्या अक्षरशः पाया पडले आहे.

मग ती सकाळ. मी नुकतंच धुतलेलं गोणपाट अंथरलं आणि पिल्लानं त्यावर लगेच केलं, आणि तुम्ही मागे उभ्या. तुम्ही वाकलात, पिल्लाला एका हातानं बाजूला सारलंत, गोणपाट उचललंत आणि परसातल्या निंबाखाली फेकून दिलंत. पिल्लू धडपडत त्याच्यामागे पळालं. गोणपाटाभोवती फिरलं आणि त्यावर बसून राहिलेलं उरकलं. आपण दोघी बघत होतो. तुम्ही ‘‘हं’’ म्हणालात आणि आत गेलात. मी पेटीत आबांचं फाटकं धोतर घातलं. त्यावर त्यानं एकदाही घाण केली नाही. जायचं असलं की निंबाखालच्या गोणपाटाकडे पळायचं. गोण्यांवर जन्मलेलं ते, त्याच्या लेखी गोणपाट म्हणजे परसाकडची जागा, आणि मी रोज तीच धुऊन त्याला अंथरून देत होते. हे मला नंतर उमगलं. तुम्हाला त्या क्षणी उमगलं होतं का? तुमचा तो ‘‘हं’’ मी इतक्या वेळा आठवून पाहिला आहे की आता तो कसा होता तेच आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या, पिल्लाचं कौतुक करायला लागल्या. तुम्ही म्हणालात, ‘‘आमनी सूननी शिकाडं त्याले.’’ मी चहा घेऊन दारात उभी. हे कौतुक होतं की टोमणा? तुमचा चेहरा असा की देवालाही पत्ता लागू नये. काकू हसल्या, मीही हसले, कशाला हसले ते माहीत नाही. मग भाऊ आला आणि मी माहेरी गेले.

ह्यांना सुटी नव्हती, सासरहून कुणीच आलं नाही, दिवाळी तशीच गेली. भाऊबीज झाली. वहिनी काही बोलत नव्हती, पण माझी पिशवी कुठं ठेवली आहे ते बघत होती. आणि एका दुपारी एसटीतून तुम्ही उतरलात, एकट्या. आई गडबडली, पाणी घेऊन धावली. तुम्ही खाटेवर टेकलात आणि म्हणालात, ‘‘हिले लवकर धाडा. ते कुत्रं कोनंच ऐकत नही.’’ आई म्हणाली, अहो विहीणबाई, कुत्र्यासाठी सुनेला न्यायला आलात? तुम्ही म्हणालात, ‘‘मंग?’’

गाडीत तुम्ही सांगितलंत, थंडी पडली म्हणून पेटीत गोणपाट घातलं तर पुन्हा सुरू झालं. घरी येऊन पाहिलं, खरंच पेटीत ओलं गोणपाट होतं. तेव्हापासून मी अडकले आहे, अक्का. तुम्हाला गोणपाटाचं कळलंच नव्हतं म्हणून घातलंत? की चांगलं कळलं होतं, आणि मला आणायला यायला काही निमित्त हवं होतं म्हणून घातलंत? दोन्ही तुम्हाला शोभतं. सरळ ‘ये’ म्हणणं मात्र तुम्हाला कधीच जमलं नाही. घरी आल्यावर संध्याकाळच्या भाकरीला तुम्ही पुन्हा नाव ठेवलंत आणि मला इतकं बरं वाटलं की रडू आलं.

पुढं पिल्लू मोठं झालं, म्हातारं झालं, गेलं. पामेरियन काही निघालं नाही. आबाही गेले. मग तुम्ही अंथरुणाला खिळलात. एरंडोलहून तुमची लेक आली, तुमचं सगळं करायला. पहिल्याच दिवशी चादर बदलायची वेळ आली आणि तिनं पदर खोचला, तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, ‘‘तू बाहेर बैस. तिले बलाव.’’ ती रडत बाहेर आली. मी आत गेले. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत आणि माझं मनगट धरून ठेवलंत, मी एका हातानं सगळं केलं. तुम्ही जाईपर्यंत दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीत. लेकीला ओशाळं वाटू नये म्हणून? की असलं काम सुनेचंच असतं म्हणून? तुमची लेक आजही तेच म्हणते, आणि तिचं चुकतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

हे पत्र कुठं पाठवणार आणि कोण वाचणार. पण पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं. ‘तिले बलाव’ याचा मी त्या दिवशी एक अर्थ लावला, की तुम्हाला मी तुमची वाटते. तोच धरून मी इतकी वर्षं काढली. तो चुकीचा असेल तर, अक्का, आता सांगू नका.