पाऊण गिटार

६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही इकडे ठीक आहोत. आम्ही म्हणजे मी आणि माझा खोकला. दिवसभर दुरुस्तीसाठी लिफ्टच्या खड्ड्यात उतरून धूळ खायची म्हटल्यावर तो कसला सोडून जातोय!

पत्राचं कारण वेगळंच आहे. चिमीच्या आईचं पत्र आलं. आम्ही वेगळे झाल्यावर ती लेकीला घेऊन गाव सोडून गेली, त्यानंतरचं हे पहिलंच. चिमीला गिटार शिकायची आहे, द्यायची असेल तर तू दे, एवढंच लिहिलंय. त्या दिवशी माझं कामात लक्षच लागेना. शेवटी कामावरच्या जोडीदाराने मला पाने-पक्कड सांभाळायला बसवलं.

तुमच्या वाद्यांच्या दुकानात लहान मुलांची अर्ध्या मापाची गिटार असते ना, ती पाठव. चिमी माझ्या कंबरेच्या जरा वर येते, बोटं तर इवलीशी. लाल मिळाली तर बघ, लाल रंग दिसला की तिला दुसरं काही सुचत नाही. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा


१३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

खोकल्याला सोबती समजू नकोस, डॉक्टरला दाखव.

तू लिहिलेलं माप वाचलं आणि मला पुढचं वाचवेना. अरे, ती सहा वर्षांची चिमी. आता ती दहाची झाली. दर भेटीनंतर पोर दोन-दोन दिवस जेवायची नाही, म्हणून ती मोठी होईपर्यंत न भेटता थांबायचं असं तुम्ही दोघांनीच ठरवलंत. तुझ्या मनाची मला कल्पना आहे. पण तू थांबलास तरी ती वाढतच होती रे.

आता नीट ऐक. अर्धी घेतलीस तर तिचे गुडघे आणि कोपर एकमेकांवर आपटतील. पूर्ण घेतलीस तर उजवा खांदा कानापर्यंत चढेल, डावा हात गिटारच्या मानेच्या टोकापर्यंत पुरणार नाही, आणि आठवड्याभरात गिटार कपाटावर जाईल. बहुतेक पाऊण लागेल. पण अंदाजाने मी देणार नाही. तिच्या आईला उंची आणि हाताची लांबी विचार. तारा नायलॉनच्या लावते, नवशिक्या बोटांना त्या कमी टोचतात. लाल रंगाचंही तिलाच विचार.

जपून राहा.
तुझी ताई


२७ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माप आलं. उंची साडेचार फूट. हाताची लांबी मागे लिहिली आहे.

आकड्यावरून काही कळेना, म्हणून तिच्या उंचीएवढी सुतळी कापून दाराच्या चौकटीला लावली आणि शेजारी उभा राहिलो. ताई, ती माझ्या खांद्याला टेकायला आली गं. मी इतके दिवस मनात तिला कडेवर घेऊन फिरत होतो. सुतळी अजून काढलेली नाही. येता-जाता अंग चोरून जातो.

लाल नको म्हणे. साधी, लाकडाच्या रंगाची. गिटार आली की रविवारी घेऊन ये, असं तिच्या आईने लिहिलंय. तेव्हा पाऊण पाठव. मी नवा शर्ट घेतलाय, हसू नकोस.

धाकटा


१२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गिटार अगदी बेतात बसली. तू गिटारसोबतच्या चिठ्ठीत सांगितल्याप्रमाणे तिला बिनहाताच्या खुर्चीवर बसवलं. खांदा खाली, कोपर मोकळं, डावा हात टोकापर्यंत पुरला. तिने एकेक तार छेडून पाहिली. चेहरा खुलला. कपाळावर तीच आठी पडते, आपल्या आईसारखी.

मग तिने मला विचारलं, तुम्ही पाणी घेणार का. तुम्ही, ताई. पूर्वी बाबा तू इकडे ये, बाबा तू घोडा हो, असं चालायचं. तिच्या मनात काही नव्हतं, घरी आलेल्या मोठ्या माणसाशी बोलतात तशी अदबीने बोलली. मी पाणी घेतलं. जरा वेळाने ती आईला म्हणाली, त्यांना सांग, छान आहे. मी समोरच बसलो होतो.

रडली नाही. मी निघालो तेव्हा दारापर्यंत सोडायला आली, नमस्कार करून आत गेली. ती रडू नये म्हणूनच आम्ही थांबलो होतो ना? मग बसमध्ये माझंच असं का व्हावं?

तू दिलेलं माप तंतोतंत होतं. भावोजींना तसं सांग.

धाकटा


१९ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र भावोजींना वाचून दाखवायला घेतलं, पण अर्ध्यावर त्यांनीच हातातून घेतलं.

एक सांगायचं राहिलं होतं. नव्या तारा सैल पडत राहतात. नायलॉनच्या तर फारच. सुरुवातीला रोज सूर उतरतो, आणि नवशिक्या मुलाला तो जुळवता येत नाही. कुणीतरी जाऊन जुळवून द्यावा लागतो, परत परत. तुला ते येत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून येत्या शनिवारी इकडे ये. मी शिकवते. रविवारी तिच्याकडे जा. मी तिच्या आईला तसं कळवलंय, आणि ती हो म्हणाली आहे.

तुम्ही म्हणाली तर म्हणू दे. तू जात राहा.

तुझी ताई