मुतखड्याची गलाई

१४ मे २०१९, मंगळवार. करोलबाग.

आणि वर तो माझ्या बरोबरीचा कारागीर गुणवंत मलाच म्हणतो, पाणी पी. जणू दिल्लीत पाणी पिणं हा मोठा पराक्रम आहे. स्वतः दिवसातनं सहादा उठतो आणि सहादा तो सगळा तमाशा करतो. गलाईच्या दुकानात मुतायला जाणं म्हणजे नुसतं जाणं नसतं. सोनं गाळताना त्याची धूळ अंगावर बसते, ती बाहेर जाऊ नये म्हणून उठायच्या आधी टबात हात धुवा, पाय धुवा, चड्डी झटका, केस झटका, शेठनं मान हलवली की मग जिना उतरा. आणि खाली काय, तर चार मजल्यांत मिळून एक संडास. दार नाही, गोणपाट आहे. आत पाय ठेवला की जेवलेलं वर येतं.

मी ठरवलंय. पिणार नाही, जाणार नाही.

भट्टीवरचे शांताराम काका जूनमध्ये कायमचे गावी, विट्याला चाललेत. त्यांच्या जागी मी किंवा गुणवंत. राजाभाऊ शेठ बोलत नाही, पण बघतो सगळं. दिवसभर जागचा न हलणारा माणूस कोण, हे त्याला दिसेलच. भट्टी मिळाली की आठ हजार उचल मागायची. उल्काला सांगून टाकलंय, नर्सिंगच्या ॲडमिशनचं टेन्शन घेऊ नको, दादा आहे.

१६ मे, गुरुवार

सकाळी एक पेला, रात्री एक पेला. मधे काही नाही. बाहेर ऊन, पुढं भट्टी, घाम चड्डीपर्यंत. खाली एकदाच गेलो, तेही नाक दाबून.

उल्काचा फोन. बारावी सायन्सला बसल्यापासून बहिणीची जीभ लांब झालीय. म्हणते, दादा, घामानं पाणी जातंय, तू पीत नाहीस, मग किडनीनं करायचं काय? म्हटलं, आराम. काम कमी, झीज कमी. आम्ही विट्याकडची माणसं, आमच्या किडन्या दुष्काळात तयार झाल्यात. ती म्हणाली, किती तयार झाल्यात ते कळेलच.

मी नववीतनं बाहेर पडलो, पण अक्कल शाळेत ठेवून आलो नाही.

२० मे, सोमवार

लघवी मोहरीच्या तेलासारखी. वास लिहीत नाही.

उल्काला सहज विचारलं तर तिनं धडाच सुरू केला. किडनी म्हणे दिवसाला दीडशे लिटरच्या वर पाणी रक्तातनं गाळून बारीक नळ्यांत सोडते. मग त्यातलं कामाचं जवळजवळ सगळं परत ओढून घेते. पाणी, मीठ, साखर. घाण तेवढी बाहेर. अंगात पाणी कमी पडलं की मेंदूतनं निरोप येतो, अजून ओढ. म्हणून रंग गडद. मी म्हटलं, आधी टाकायचं आणि मग वेचायचं, हा शुद्ध मूर्खपणा आहे.

फोन स्पीकरवर होता. शेठ म्हणाला, गाढवा, आपण दुसरं काय करतो? टबाचं पाणी, झाडलेली धूळ, तुझी फाटकी चड्डीसुद्धा जाळून आपण सोनं परत काढतो. सगळे हसले. माझ्या चड्डीत हसण्यासारखं काही नव्हतं.

मुद्दा माझाच सिद्ध झाला. किडनी पाणी वाचवते, तर वरनं ओतायचं कशाला? उल्का म्हणाली, वाचवायला पण हद्द असते, घाण वाहून न्यायला पाणी लागतंच, नाहीतर क्षार साठून खडे होतात. भीती घालायची तिला सवय आहे. नर्स शोभेल.

२५ मे, शनिवार

टबातला गाळ जाळला. नेहमीपेक्षा सोनं कमी निघालं. शेठ बराच वेळ माझ्याकडं बघत होता. मग मला उभं केलं, खाली कागद धरला आणि केस विंचरायला लावले. कानात बोट घालून बघितलं. त्या बोटाला सकाळच्या समोशाचा वास होता. शिसारी आली.

गुणवंत म्हणाला, तू दिवसभर टबात हात घालत नाहीस, धूळ अंगावर घेऊन झोपतोस, मग टबात सोनं येणार कुठनं? शेठला भलताच संशय आलाय, यार. गुणवंत जळतोय. भट्टीवर बसवायचा माणूस आधी तपासून घेतात, एवढं साधं आहे. चांगलं लक्षण.

२८ मे, मंगळवार

पाठीतनं जांघेत कळ. गॅस असणार. जलजिरा मागवला.

संध्याकाळी. गॅस नाही. फरशीवर लोळलो. ओकलो, ते गुणवंतच्या पायावर. त्यानं पाय सवयीनं टबात धुतला, मला पाठीवर घेतलं आणि जिना उतरला. खाली वळताना ते गोणपाट माझ्या तोंडावरनं गेलं. कळ परवडली.

२९ मे, बुधवार. पहाडगंज, दवाखाना.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर थंड चिकट काहीतरी फासलं आणि पडद्यावर बघितलं. एक पांढरा ठिपका चमकत होता. शेठ पुढं वाकला. मॅडम, ये चमकता क्या है? बाई म्हणाल्या, पथरी. शेठ म्हणाला, सोना तो नहीं? निगल गया होगा.

बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडं बघितलं. गिळलेलं आतड्यातनं जातं, म्हणाल्या, या रस्त्यानं येत नाही. शेठ म्हणाला, मॅडम, तीस साल में लड़कों को हर रास्ते से ले जाते देखा है.

म्हणजे शेठ मला चोर समजतो. आठ वर्षं याच्या धुरात काढली. थुंकावंसं वाटलं, तोंडात थुंकी नव्हती.

खडा लहान आहे, पाण्यानं पडेल. गाळून मुतायचं आणि खडा जपून आणून दाखवायचा, असा बाईंचा हुकूम.

३० मे, गुरुवार

पडून विचार केला. शेठ मूर्ख नाही. आठ वर्षं ती धूळ माझ्या नाकात जातेय. गेली कुठं? उल्काच म्हणाली, किडनी कामाचं ठेवून घेते. सोन्याहून कामाचं काय असतं? ही चोरी नाही, साठवण आहे. माझ्या अंगात तयार झालं ते माझं. शेठला फारतर भट्टीची मजुरी देईन.

उल्काला फोन करून सांगितलं, आठ हजार किरकोळ आहेत. ती म्हणाली, दादा, ताप आहे का तुला?

वैतागून तांब्यावर तांब्या पाणी पितोय. पायऱ्यांशी आता ओळख झाली.

२ जून, रविवार

पडला. कण्हलो ते चार मजल्यांनी ऐकलं. ज्वारीच्या कणीएवढा, तपकिरी, काटेरी. गाळणी दुकानातलीच वापरली होती. चहा आता बाहेरनं येतो.

शेठनं खडा चिमट्यानं उचलला, सोन्याच्या काट्यावर तोलला, कसोटीवर घासला. मी आधीच बोललो, मालक मी. शेठ म्हणाला, निघू तर दे. मुशीत टाकला, भट्टी पेटवली. शांताराम काकांनी नाकाला रुमाल लावला. असला वास आठ वर्षांत आला नव्हता.

मुशीच्या तळाशी चिमूटभर पांढरं. शेठ सवयीनं बोट जिभेकडं न्यायला लागला, मग आठवलं, थांबला. म्हणाला, चुना. गुणवंत म्हणाला, एका पानाला पुरेल.

शेठ माझ्याकडं वळला. चोर नाहीस, म्हणाला, नुसता येडा आहेस. सगळ्यांसमोर निर्दोष ठरलो.

३ जून, सोमवार

भट्टी गुणवंतला.

शेठ म्हणाला, न हलणारा माणूस मला नको, भट्टीपुढं उलथून पडला तर कोण उचलणार? दवाखान्याचा खर्च पगारातनं कापला. उचल नाही. वर शिक्षा अशी, की दर तासाला शेठसमोर एक तांब्या पाणी संपवायचं. सगळे काम थांबवून बघतात. स्वतःची किळस येते, आणि मग खाली जायला लागतं, तिथं बाकीची येते.

ॲडमिशनची उद्या शेवटची तारीख. उल्काला काय सांगायचं, म्हणून फोन बंद करून बसलो होतो. गुणवंतनं भट्टीवर बसल्या बसल्या उचल मागितली आणि मिळाले ते सात हजार सातशे माझ्यापुढं आणून ठेवले. म्हणाला, सावकाश परत दे, मूत मात्र वेळेवर. तोंड धड पुसलेलं नव्हतं, मिशीला ताक होतं. असल्या माणसाच्या हातचं घ्यायचं म्हणजे जीव विटतो.

घेतले.

उल्काला आठ हजार पाठवतोय. त्यातले तीनशे माझे.