पाडव्याच्या ताटातले वीस हजार

२८ सप्टेंबर, रविवार. धार.
आजपासून नवी सुरुवात. कोर्टाने इराच्या पालनपोषणाचे महिना चार हजार ठरवलेत, त्यातले पाच महिने राहिलेत. राहिलेत, बुडवले नाहीत. ३० ऑक्टोबरला तारीख. वकील उमाशंकरजी म्हणाले, अब की बार वारंट निकलेगा भिया, चुपचाप ऋजुताजी के खाते में डाल दो. म्हणजे पोटच्या पोरीला दंड भरल्यासारखे पैसे द्यायचे? आमच्या घराण्यात बाप पाडव्याला लेकीच्या ताटात ओवाळणी टाकतो. ठरलं. देवासला ऋजुताच्या माहेरी जायचं, इरा ओवाळेल, पूर्ण वीस हजार ताटात. ऋजुता बघतच राहील.

२ ऑक्टोबर. दसरा.
मांडूला टूरिस्ट जोरात. गाइडगिरीचे सात हजार जमले. जरीचा फेटा घेतला, बाराशेचा. फेट्याशिवाय पब्लिक इतिहास ऐकत नाही. हा खर्च नव्हे, इन्व्हेस्टमेंट.

९ ऑक्टोबर
ताईचा इंदूरहून फोन. इराची फी भरलेली नाही, सहामाहीला बसू देणार नाहीत म्हणे. म्हणाली, जमलेत तेवढे तरी आज पाठव. ताई माझीच बहीण, पण दृष्टी छोटी. तुकड्या-तुकड्यांनी दिलं की देण्याची शान जाते. शाळा थांबेल.

१४ ऑक्टोबर
नालछ्याजवळ बाइक बसली. इंजिनाचं काम. मेकॅनिक हसत हसत चार हजार घेऊन गेला. हरकत नाही. दिवाळीची गर्दी बाकी आहे.

१८ ऑक्टोबर. धनत्रयोदशी.
गर्दी आली, पण सगळे मोबाइलवर माहिती ऐकत फिरतात. फेट्याबरोबर सेल्फी फुकट काढतात.
पाडव्याला सासुरवाडीच्या दारात बसमधून उतरून चालत जाणं बरं दिसणार नाही. टॅक्सी सांगितली.

२१ ऑक्टोबर
आज फेटा समोर ठेवून बसलो आणि रडू आलं. टॅक्सीचे देऊन काहीच उरत नाही. भीती वाटते. वॉरंटची नाही. इरा ताट घेऊन उभी राहील आणि मी खिशात हात घालीन, त्याची.
माधवकडे उसने मागितले. मागचे दे म्हणाला. मित्र!

२२ ऑक्टोबर. पाडवा. देवास.
टॅक्सीतून उतरलो. ऋजुताने फेट्याकडे बघितलं. तिच्या आईने, जानकीबाईंनी, पाट मांडला आणि समोरच खुर्ची घेऊन बसल्या. नजर थेट माझ्या खिशावर. इरा केवढी उंच झालीय. कुंकू लावायला वाकली आणि माझ्या मुठीत काहीतरी कोंबलं. कानात म्हणाली, बाबा, ये डाल दो, आजी देख रही है.
पाचशेची नोट होती. मामाने दिवाळीला दिलेली.
मी ताटात टाकली. ऐटीत टाकली. जानकीबाई म्हणाल्या, चला, आला तो रिकाम्या हाती नाही आला. इराने मान खाली घालून पुन्हा एकदा ओवाळलं. मला वर बघवेना.

२३ ऑक्टोबर. धार.
सकाळी उमाशंकरजींना विचारलं, ताटातले पाचशे बाकीतून वजा होतील ना? म्हणाले, शगुन का पैसा कोर्ट नहीं गिनता भिया. सासूबाई साक्षीदार आहेत, असंही सांगून बघितलं. तरी नाही.
फेटा दुकानात परत न्यायला निघालो. वापरलेला घेत नाहीत.
इराचे पाचशे परत करायचे आहेत. म्हणजे आता वीस हजार पाचशे.