शेवटच्या ओळीतलं नाव

सर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण माझा राग काही गेलेला नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

चंद्रपुरात जनसंपर्काच्या वर्गाला तुम्ही प्रेसनोट शिकवायचात. महत्त्वाचं वर, बाकीचं खाली, कारण जागा कमी पडली की पेपरवाले खालून कापतात. रविवारी आम्हाला घरी बोलावून लाल पेनाने आमची पानं रंगवायचात, आणि बाई, तुमच्या पत्नी, मुकाट्याने पोह्यांच्या बशा ठेवून जायच्या. माझ्या बशीत शेंगदाणे जास्त असायचे.

त्याच वर्षी सिंदेवाहीकडच्या आमच्या गावी मोहफुलं वेचायला गेलेल्या माझ्या मोठ्या आईला वाघाने मारलं. आई गेल्यावर मला वाढवलं ते या काकूनेच. निरोप मिळाला तशी मी रजा मागायला तुमच्या घरी आले. तुम्ही वनखात्याच्या एका कार्यालयाला प्रेसनोटा लिहून द्यायचात. नेमकी तिच्याच मृत्यूची नोट तुमच्यापुढे होती.

“गाव तुहंच हाय ना? लिहून दे, मंग जाय.”

मी पहिल्याच ओळीत तिचं नाव लिहिलं. तुम्ही त्यावर काट मारलीत.

“हे नाव कोण ओळखते? शेवटच्या ओळीत टाक. साहेब पोहोचले, ते वर घे.”

“सर, मोठी माय हाय माही.”

“मंग तं आणखी सांभाळून लिही. रडगाणं नको.”

मी लिहिलं. तुमची भीती वाटायची मला, आणि नोकरीची शिफारस तुमच्याच हातात होती. दोन दिवसांनी गावी ओसरीवर मी मोठ्या बाबांना, म्हणजे काकांना, पेपर वाचून दाखवते आहे. त्यांना वाचता येत नाही. ते बोट पुढे करतात. “पोरी, तिचं नाव कुठी हाय? बोट ठेव माहं त्याच्यावर.” नाव नाहीच. पेपरवाल्यांनी खालून कापलं आहे. मी त्यांचं बोट ‘एक महिला’ या शब्दांवर ठेवलं. ते कितीतरी वेळ तिथेच होतं.

तुमची शिफारस मिळाली, नोकरीही लागली. तुम्ही गेलात तेव्हा निधनाची नोट लिहायला बाईंनी मलाच बोलावलं. मी अगदी तुमच्या पद्धतीने लिहिली. वर अभ्यासक्रम, संस्था, अंत्यविधीला आलेले मान्यवर. तुमचं नाव शेवटच्या ओळीत. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या, ‘जनसंपर्काच्या ज्येष्ठ शिक्षकाचे निधन’ म्हणून.

दुपारी बाईंचा फोन आला. “पोरी, यांचं नाव काऊन नाई आलं? तूच तं लिहून देल्लं होतं ना?”

“जागा नव्हती, बाई. त्यांनी खालून कापलं.”

यात एक शब्दही खोटा नव्हता. त्या रडत राहिल्या आणि मी फोन कानाशी धरून ऐकत राहिले. सर, मला बरं वाटत होतं. शेंगदाण्यांची आठवण फोन ठेवल्यावर झाली. त्यानंतर बाई होत्या तोवर मी तुमच्या घराकडे एकदाही फिरकले नाही.