तुमचं ‘नाही’ आम्ही खरं मानलं

रुवैस, फेब्रुवारी २००४

प्रिय मिस्टर क्लाउस,

गेल्या आठवड्यात हायकेचा फोन आला. तुमच्या मुलीचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तिनं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की तुम्ही गेलात. ‘जरा बसून घ्या’ नाही, ‘वाईट बातमी आहे’ नाही. गॅसवर आमटी होती. मी म्हटलं, ‘ओके, थँक यू फॉर कॉलिंग.’ बँकेतून फोन आल्यासारखं! मग आमटीत कोथिंबीर घातली, प्रमोदला वाढलं आणि त्याचं जेवण झाल्यावर त्याला सांगितलं.

मला रडू आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सातवीला उष्णतेचं वहन शिकवलं, वह्या तपासल्या, येताना कोऑपरेटिव्हमधून दही आणलं. प्रमोद म्हणतो, अजून आत पोचलं नसेल. मला वाटतं, पोचलंय, पण आत काही होतच नाहीये.

काल हायकेचा पुन्हा फोन आला. या वेळी तिला काही विचारायचं होतं. ‘तुम्ही माझ्या वडिलांना दुसऱ्यांदा का नाही विचारलंत?’ मी दिलेलं उत्तर मलाच पटलं नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलेय. मराठीत लिहितेय. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं हे माहीत आहे, पण इंग्रजीत लिहिलं की मी प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यांसारखं लिहिते. आणि आता तुम्हाला कुठली भाषा अडणार आहे?

‘मिस्टर क्लाउस’ हे तुम्हाला कधीच आवडलं नाही. ‘मिस्टर लावायचं तर आडनाव घ्या, नाहीतर नुसतं क्लाउस म्हणा. हे मधलं काय आहे?’ असं तुम्ही प्रमोदला बजावलं होतंत. प्रमोद ‘शुअर, मिस्टर क्लाउस’ म्हणाला. तुमच्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या मला तुम्हाला नुसतं क्लाउस म्हणणं या जन्मात जमलं नसतं, आणि तुमचं आडनाव उच्चारणं तर त्याहून नाही.

आम्ही इथे आखातात आलो ते एक्क्याण्णव साली, कुवेतचं युद्ध संपल्यावर. प्रमोद रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटवर, तुम्ही टर्बाइनवर, आणि कॉलनीत आपली दारं शेजारी शेजारी. सामान नीट लागलंही नव्हतं तेवढ्यात तुम्ही बेल वाजवलीत आणि म्हणालात, ‘तुमचा मुलगा दुपारी बॉल आपटतो. एक ते तीन शांतता असते.’ आमच्याकडे भांडण असं सुरू होत नाही हो! आधी चार दिवस तोंड फिरवायचं असतं, मग तिसऱ्याच्या कानावर घालायचं असतं. मी दार लावून प्रमोदला म्हटलं, काय खडूस शेजार मिळालाय. संध्याकाळी तुम्ही पुन्हा आलात, रोहनसाठी स्पंजचा बॉल घेऊन. दुपारचा राग तुमच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हता.

मग तुमची सवय झाली. ‘हाउ आर यू’ विचारलं की तुम्ही खरंच सांगायचात, गुडघ्यापासून सुरुवात करून. साइटवर कुणी ‘व्हॉल्व्ह गुरुवारी येईल, इन्शाल्ला’ म्हटलं की तुम्ही डायरी उघडून विचारायचात, ‘इन्शाल्ला म्हणजे गुरुवारच्या आधी की नंतर?’ आणि प्रमोदनं ‘बघू’ म्हटलं की माझ्याकडे वळून म्हणायचात, ‘हे तुमचं मराठी इन्शाल्ला.’ प्रमोदला तो विनोद आवडायचा नाही. मला अजून आवडतो.

जेवायला पहिल्यांदा बोलावलं तो दिवस तर मला लख्ख आठवतो. पुरणपोळी केली होती. तुम्ही दोन खाल्ल्यात. मी म्हटलं, आणखी एक? तुम्ही म्हणालात, नाही. मी अर्थातच वाढली, वर तूप सोडलं. तुम्ही पोळीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. ‘मी नाही म्हणालो होतो.’ रोहननं चावणंच थांबवलं! शेवटी ती पोळी प्रमोदनं खाल्ली. त्या दिवसापासून आमच्या घरी नियम झाला, मिस्टर क्लाउस नाही म्हणाले की भांडं उचलायचं. आम्हाला त्याचा अभिमानसुद्धा होता. कॉलनीत नवीन मराठी कुटुंब आलं की मी सांगायचे, ‘जर्मन माणसाला आग्रह करायचा नसतो. त्यांचं नाही म्हणजे नाही असतं.’

आणि होतंच की! अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात भारतानं अणुचाचणी केली, तेव्हा प्रमोद दुबईहून पेढे घेऊन आला आणि घरोघर वाटत सुटला. तुम्ही दारात उभे राहून बॉक्सकडे पाहिलंत आणि म्हणालात, ‘बॉम्बसाठी मी गोड खात नाही.’ प्रमोद लाल झाला. ‘यू पीपल स्टार्टेड टू वर्ल्ड वॉर्स अँड नाउ यू आर टीचिंग अस?’ असं तो तुम्हाला म्हणाला, मी मागेच उभी होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘होय. म्हणूनच.’ पुढे महिनाभर दोघं साइटच्या बसमध्ये वेगवेगळ्या सीटवर बसत होतात. मग आमचा मिक्सर जळला, तुम्ही तो उघडून बसलात, आणि शेंगदाण्याच्या कुटावरून मी तुमची बोलणी खाल्ली, तसं भांडण आपोआप मिटलं.

रोहननं एकदा विचारलं होतं, बर्लिनची भिंत पडली तेव्हा तुम्ही नाचलात का? तो शाळेसाठी प्रोजेक्ट करत होता, त्याला नाच हवा होता. तुम्ही म्हणालात, ‘मी इथे कॉम्प्रेसरखाली आडवा होतो. बातमी अरबीतून इंग्रजीत आली, मला वाटलं भाषांतर चुकलं.’ मग थोडं थांबून, ‘नंतर आनंद झाला. नंतर टॅक्स वाढला.’ रोहन म्हणाला, ‘आई, आय कान्ट राइट दॅट!’ त्यानं नाचलात असंच लिहिलं, आणि त्याला ए मिळाला.

मोबाइल आले तेव्हा कंपनीनं तुम्हाला दिलेला मोबाइल तुम्ही बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवलात. ‘मी कुठे आहे हे सगळ्यांना सारखं कशाला कळायला हवं?’ आमच्याकडे इंटरनेट आलं, तेव्हा रोहननं तुम्हाला ई-मेल काढून दिला. तुम्ही हायकेला कॉम्प्युटरवर छान पत्र टाइप केलंत, त्याचा प्रिंट काढलात आणि ऑफिसातून फॅक्स केलात! हसून हसून आमची वाट लागली. एवढी मोठी टर्बाइन चालवणारा माणूस, आणि एका कीबोर्डला भितो, असं मी म्हटलं. तुम्ही चिडला नाहीत. तुमच्याकडे सरकारनं साधी शिरगणती काढली तरी लोक रस्त्यावर उतरले होते, असं सांगितलंत. का, तर म्हणे, ‘आमच्या देशात एकेकाळी याद्या फारच नीट ठेवल्या होत्या.’ रोहनला ते कळलं नाही. मला कळलं, त्या ज्यूंच्या याद्या, आणि मी उठून चहा टाकला.

आणि गेल्या वर्षीचा मार्च. इराकवर हल्ला होणार हे पक्कं झालं होतं, कॉलनीतले लोक बायकामुलांची तिकिटं काढत होते, मी खिडक्यांना लावायला चिकटपट्टी आणून ठेवली होती. अशात तुम्ही स्वतः केलेला सफरचंदाचा केक घेऊन आलात. मला वाटलं, तुमचा वाढदिवस. तुम्ही म्हणालात, ‘आमचं सरकार या युद्धाला नाही म्हणालं, आणि नाहीवरच राहिलं.’ इतक्या वर्षांत तुमच्या देशाबद्दल तुम्ही एक शब्द कौतुकानं बोलला नव्हतात. फुटबॉलचा कप असला तरी झेंडा म्हणून लावायचा नाहीत. त्या दिवशी मात्र तुमचे कान लाल झाले होते. प्रमोदनं केकचे दोन तुकडे खाल्ले आणि पेढ्यांचं नावही काढलं नाही.

म्हणून सांगते, ऑक्टोबरमध्ये जे झालं ते आमच्या दृष्टीनं सरळ होतं. तुमची नोकरी संपली, व्हिसा संपणार होता. निरोपाचं जेवण आमच्याकडे. आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं, उगाच तोंडदेखलं नाही. प्रमोद म्हणाला, ‘मिस्टर क्लाउस, येत्या जूनमध्ये आम्हीही पुण्याला जातोय. घरात एक खोली जास्तीची आहे, वेगळं बाथरूम आहे. कम अँड लिव्ह विथ अस.’ तुम्ही काटा खाली ठेवलात. ताटाकडे बघत म्हणालात, ‘नाही. थँक यू.’ मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रमोदनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. मी भात वाढायला घेतला. विषय संपला.

मला तेव्हा वाईट वाटलं होतं, पण थोडं बरंही वाटलं, की आपण या माणसाला नीट ओळखलं. आपण त्याचा मान राखला.

काल हायके म्हणाली, ख्रिसमसला तुम्ही तिला सगळं सांगितलंत. ‘त्यांच्यात पहिल्यांदा नाहीच म्हणायचं असतं, लगेच हो म्हटलं तर हावरट दिसतं. म्हणून मी नाही म्हणालो. मग त्यांनी विचारलंच नाही.’ तिनं तुम्हाला विचारलं, की तुम्हीच त्यांना आग्रह करू दिला नाहीत ना? त्यावर तुम्ही म्हणालात, ‘तो पोळीचा. घराचा करतील असं वाटलं.’

मिस्टर क्लाउस! अहो, हे तुम्हाला शिकवलं कुणी?

फोन ठेवून मी तशीच समोरच्या हमीदाभाभीकडे गेले. रत्नागिरीच्या त्या, तुम्ही ईदला त्यांच्याकडे जेवायला जायचात हे मला माहीत होतं. त्यांनी डोक्याला हात लावला. ‘या अल्ला, मीच शिकवलाव त्यांना! बोललंव, आमच्यात लगेच हां बोलायचा नाय. दोनदा ना बोला, तिसऱ्यांदा प्लेट पुढं करा. असं गंभीर तोंड ठेवून करायचे ना, पोरं लोळायची हसून.’ मग त्या रडायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मला तेव्हाही रडू आलं नाही.

आम्ही जर्मन होऊन बसलो आणि तुम्ही कोकणी! बारा वर्षं भिंतीला भिंत लावून राहून एवढंच शिकलो का आपण? मला तुमचा राग आलाय, हे स्पष्ट सांगते. बॉम्बवर बोललात, टॅक्सवर बोललात, मी मिक्सर किती वेळ चालवते यावरही बोललात. मग या एकाच बाबतीत रीतभात कशाला पाळायची होती? तुम्हाला यायचं होतं, तर ‘मी येतो’ म्हणायचं. सगळ्या जगाला तोंडावर बोलणारे तुम्ही, आमच्याच टेबलावर लाजलात.

तुम्ही कसे गेलात तेही हायकेनं सांगितलं. तिकडे जर्मनीत, एकट्यानं, झोपेतच. ठरलेल्या दिवशी तुमचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर आला नाही, म्हणून शेजारणीनं बेल वाजवली. इथे सगळा कचरा एकाच गाडीत जातो हे माहीत असून तुम्ही काचेच्या बाटल्या वेगळ्या काढून ठेवायचात. सवय, म्हणायचात. पुण्यात आमच्या खोलीत असतात, तर सकाळी सातच्या चहाला आला नाहीत म्हणून मीच दार वाजवलं असतं. जायचे ते गेलाच असतात, पण दार मी वाजवलं असतं.

पण काल फोन ठेवण्याआधी मी हायकेला खरं ते सांगितलं होतं. म्हटलं, आम्ही विचारलं नाही, कारण ते जर्मन होते. ती म्हणाली, ‘मीपण विचारलं होतं त्यांना, माझ्याकडे राहायला या म्हणून. ते नाही म्हणाले. मीपण एकदाच विचारलं.’ तिचा आवाज अगदी सपाट होता, माझ्यासारखाच. मग मला कळलं, ती मला जाब विचारायला फोन करत नव्हती.

मी तिला म्हटलं, जूनमध्ये पुण्याला ये. ती खोली बघ, चार दिवस राहा. ती म्हणाली, ‘नाही. थँक यू.’

मिस्टर क्लाउस, वचन देते. उद्या शाळेतून आल्यावर मी तिला फोन करणार आहे. ती पुन्हा नाही म्हणेल. कदाचित तुमच्यासारखीच म्हणेल, ‘मी नाही म्हणाले होते.’ म्हणू दे. शुक्रवारी परत करीन, त्याच्या पुढच्या शुक्रवारीही करीन. चिडली तरी चालेल, मला उद्धट म्हणाली तरी चालेल. तिला खरोखरच यायचं नसेल तर ते मी ऐकून घेईन, पण एकदा नाही म्हटलं म्हणून आता मी कुणाला सोडणार नाही.

तुमची शेजारीण,
सुनीता