ते एका शहराला म्हटलं होतं

बाबा,

आज सकाळी मी बायबलमधल्या यहेज्केलाचा तो अध्याय वाचून संपवला. कोणता, ते तुम्हाला सांगायला नको. पुस्तक बंद केलं, उठून भांडी घासायला घेतली आणि भाताचा गंज इतक्या जोरात घासला की आतून लेक ओरडली, "मम्मी, गंज फोडून राहिली का?" तिला काय सांगणार! तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण तुम्ही होता तेव्हाही तुमच्यावर रागवायची सोय नव्हती, मग मी रागवायचं तरी कधी? म्हणून आज लिहायला बसले आहे. शाळेला सुट्टी आहे, आणि माझा राग अजून पुरेसा गरम आहे.

आपल्या वरठीच्या घरी संध्याकाळची प्रार्थना सातला व्हायची. तुम्ही कारखान्यातून सायकलवर यायचात, अंगणात हातपाय धुवायचात, धुतलेला सदरा घालायचात. सतरंजी अंथरली जायची, एक गीत व्हायचं, आणि तुम्ही बायबल उघडायला लागलात की दादा मला कोपर मारून हळूच विचारायचा, "आज कोनाची पाळी?" कारण दिवसभर तुम्ही कोणालाच रागावून काही बोलत नव्हता. ते काम तुम्ही बायबलच्या वचनावर सोपवलं होतं. पुस्तकाच्या शेवटी विषयवार सूची होती, आळस, उद्धटपणा, खोटेपणा अशी. प्रार्थनेआधी तुम्ही तिच्यावरून बोट फिरवायचात, आणि ज्याच्याकडून त्या दिवशी चूक झाली असेल त्याच्या मापाचा उतारा निघायचा. नाताळच्या डब्यातल्या करंज्या दादाने लपवून खाल्ल्या, तर त्याला लुटीचा माल तंबूत पुरणाऱ्या माणसाची गोष्ट ऐकावी लागली, त्याच्या अख्ख्या घरादाराला दगडमार होते तिथपर्यंत. करंज्या चार होत्या, बाबा. आई कुंपणापाशी शेजारणीशी जरा जास्त बोलली की जिभेवरचा उतारा. भाजी खारट झाली त्या दिवशी तुम्ही मिठाचं वचन काढलंत, आणि आईने हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. तेवढी एक संध्याकाळ आम्हाला फुकट मिळाली.

एरवी तुम्ही आपल्या सगळ्यांसारखंच बोलायचात. "काहून वं, उशीर झाला शाळेतून?" असं विचारायचात आणि उत्तर ऐकूनही घ्यायचात. पुस्तक उघडलं की तुमची भाषा बदलायची, आवाज छातीतून यायचा. देव आमच्या घरात पुस्तकी मराठीत रागवायचा. 'मले-तुले' म्हणतो तो माणूस आणि 'मला-तुला' म्हणतो तो देव, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. पुढे शिक्षिका झाल्यावर मीच वर्गात 'मला-तुला' शिकवायला लागले, आणि पहिले काही दिवस माझ्याच आवाजाने मी दचकायची.

मग तो बुधवार. मी बारावीला आहे. स्टेशनच्या बाकावर बसून वर्गातल्या एका मुलाकडून रसायनशास्त्राची वही घेते आहे. त्याची गाडी यायला वेळ आहे, त्याला समीकरणं येतात, मला येत नाहीत, म्हणून आम्ही थोडा वेळ बोलत बसतो. चर्चच्या मंडळीतलं कोणीतरी बघतं. घरी येते तर त्या दिवशी प्रार्थनासभा आपल्याकडेच. पाळकसाहेब खुर्चीवर, बाकी सगळे सतरंजीवर, तुम्ही मंडळीच्या वडीलधाऱ्यांपैकी एक म्हणून पुढे. तुम्ही मला विचारत नाही की कोण होता, काय बोलत होतीस. तुम्ही यहेज्केल काढता आणि एका अध्यायाच्या मधूनच वाचायला लागता. आपल्या रूपाच्या घमेंडीत येणाऱ्याजाणाऱ्याच्या गळ्यात पडणाऱ्या बाईबद्दल. वाचता वाचता थांबता, चष्म्यावरून माझ्याकडे बघता, आणि पुन्हा वाचता. खोलीतल्या वीसेक माणसांना कळतं की पाळी कोणाची आहे. एक काकू माझ्यापासून गुडघा बाजूला घेते. शेवटी पाळकसाहेब तरुण मुलींसाठी प्रार्थना करतात, सगळे आमेन म्हणतात, मीही म्हणते. आई चहाचा ट्रे घेऊन येते आणि माझ्याकडे न बघता माझा कप हातात देते.

तुम्ही मला मारलं असतंत तर मी विसरून गेले असते. तुम्ही देवाच्या तोंडून मला शिवी दिलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई सुपात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसून म्हटलं की आता मी त्या पुस्तकाला हात लावणार नाही. ती म्हणाली, "तुह्या बापाचा राग देवावर नको काढू, पोरी." मी म्हटलं, "मंग बाबानं आपला राग देवाच्या तोंडून काहून काढला?" आईने एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मले काय इचारतेस? मी त अर्ध्या वचनात चुलीकडेच पाहून रायतो." एवढंच. तुमच्या वीस वर्षांच्या कौटुंबिक प्रार्थनेची ही कमाई, की तुमची बायको ती अर्धीच ऐकायची.

लग्नात तुम्ही मला नवीन बायबल दिलंत, पहिल्या पानावर सुंदर अक्षरात माझं नाव घालून. सासरी तुमसरला आल्यावर ते साड्यांच्या खाली गेलं आणि तिथेच राहिलं. चर्चला मी जात होते, गीतं म्हणत होते, लेकीचा बाप्तिस्मा केला. पण एकटीने ते पुस्तक उघडलं की कुठलंही पान असो, दोन ओळींत तुमचा आवाज सुरू व्हायचा आणि मी काय चूक केली ते आठवायला लागायची. गालिलाचा समुद्र असो की हरवलेलं मेंढरू, सगळं माझ्यावरच रोखलेलं. तुमच्या मातीच्या दिवशी माणसं एकमेकांना सांगत होती, "वचनाचा मानूस होता." मी मान हलवत उभी राहिले. मला तेव्हाही ओरडावंसं वाटलं होतं, बाबा, पण दादा रडत होता.

पुन्हा वाचायला लागले ते कसं, तेही ऐका. चौथीचे पेपर तपासत होते. आमचा तो नेहमीचा प्रश्न असतो, 'कोण कोणास म्हणाले?' धड्यातली वाक्यं दिलेली असतात. एका मुलीने पाचही वाक्यांपुढे एकच उत्तर लिहिलं होतं, 'मॅडम मला म्हणाल्या.' मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं, पोट धरून हसलो. घरी येताना, बसमध्ये, माझं हसू गेलं. मी बायबल असंच वाचत होते. पुस्तकात कोणीही कोणालाही काही म्हणो, माझं उत्तर ठरलेलं होतं, 'बाबा मला म्हणाले.'

त्या आठवड्यात साड्या बाजूला केल्या. सवय काही लगेच लागली नाही. पहिल्या महिन्यात चार दिवस वाचलं आणि बाकीचे दिवस टाळलं. मोबाइलवर एक ॲप घेतलं होतं. ते एक दिवस चुकला की 'आज तुम्ही आला नाहीत' असा निरोप धाडायचं. तिसऱ्या निरोपाला मी ते काढून टाकलं, एक बाप पुरे झाला होता. मग माझे मीच नियम केले. पहाटे चहा झाला की मागच्या दाराशी खुर्ची टाकायची, राइस मिलचा कोंडा उडून बसलेला असतो तो पुसायचा, आणि वीस मिनिटं बसायचं. बायबलमधलं कुठलंही पुस्तक पहिल्या ओळीपासून धरायचं, मधून कधीच नाही. रोज आठ-दहा ओळी, जास्त नाही. वहीत आधी लिहायचं, कोण कोणास म्हणाले. मग तेवढा भाग आपल्या बोलीत, शेजारणीला सांगावा तसा सांगायचा. सांगता आला नाही तर दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा. आणि 'यातून मला काय' हे तिसऱ्या वाचनाआधी विचारायचंच नाही. सुरुवात रूथपासून केली, कारण रूथच्या पुस्तकाने आपल्या घरी कोणाला कधी झोडपलेलं नव्हतं. "सासू म्हने, जा बापा तुम्ही आपापल्या माहेरी, माह्याजवळ काय ठेवलं हाय," असं एकटीच बोलत होते दाराशी, आणि त्या म्हातारीसाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाळिशीत पहिल्यांदा, बाबा. पहिल्यांदा त्या पुस्तकात माझ्याशिवाय दुसरं कोणीतरी होतं.

यहेज्केल मी तीन वर्षं टाळला. यंदा धरला, पहिल्या अध्यायापासून, आणि गेल्या आठवड्यात तिथे पोचले. एका अध्यायाला सात सकाळी लागल्या. तुम्ही जिथून वाचलंत त्याच्या आधी काय आहे, माहीत आहे? एक जन्मलेली पोर आहे. तिची नाळ कोणी कापलेली नाही, तिला कोणी धुतलेलं नाही, उघड्या शेतात टाकून दिली आहे. तिच्याजवळून जाणारा देव थांबतो आणि तिला म्हणतो, तू जग. तुम्ही जिथे पुस्तक मिटलंत त्याच्या पुढे, अगदी शेवटी, तो म्हणतो की तुझ्या लहानपणी मी दिलेला शब्द मला आठवतो. आणि मुळात ती मुलगी नाहीच. ते शहर आहे. एका अख्ख्या शहराला ते म्हटलं आहे, आणि दोनच अध्याय आधी संदेष्ट्यासमोर येऊन बसलेले आहेत ते लोकांचे वडीलधारे. सतरंजीवर पुढे बसणारे. तुमच्यासारखे. कोण कोणास म्हणाले याचं उत्तर तुम्ही उलटं लिहिलंत. तुम्हाला म्हटलेलं उचलून तुम्ही एका सतरा वर्षांच्या मुलीला फेकून मारलंत, जिच्या हातात रसायनशास्त्राची वही होती.

तो अध्याय पूर्ण वाचूनही मला आवडला नाही, हेही सांगून टाकते. त्यात बाईच्या अंगाबद्दल जे आहे ते मला आजही सहन होत नाही. वहीत मी तसंच लिहिलं, 'हे मला आवडलं नाही, कळलंही नाही.' लिहिलं आणि काही झालं नाही. चहा थंड झाला एवढंच. देवासमोर असं म्हणता येतं, हे तुम्ही आम्हाला एकदाही का सांगितलं नाही? तुम्ही स्वतः कधी म्हटलं होतं का? मला आता दोनच गोष्टी शक्य वाटतात. एक तर तुम्हाला पुढचं-मागचं ठाऊक होतं आणि तुम्ही ते मुद्दाम गाळलंत. नाही तर ज्यांना लोक वचनाचा माणूस म्हणत होते त्यांनी आयुष्यभर फक्त मागची सूचीच वाचली. कुठल्या उत्तराने मला जास्त राग येईल ते ठरवता येत नाही.

आणि वाचायला तुम्हीच शिकवलंत, हेही आहेच. शाळेत जायच्या आधी, रविवारी दुपारी, माझं बोट तुमच्या बोटात धरून अक्षराखाली फिरवत. "घाई नको करू, शब्द पुरा होऊ दे," म्हणायचात. मला हे नको होतं आठवायला. पण आठवलंच आहे तर विचारते, मग त्या बुधवारी तुम्हाला कसली घाई होती?

इथपर्यंत लिहून मी उठले होते. दुपारी लेक पेन शोधत आली आणि माझी वही उघडून बसली. ती सोळाची आहे, तिला तुम्ही नीट आठवतही नाही. मी स्वयंपाकघरात होते. ती दारात येऊन म्हणाली, "मम्मी, हे मनन हाय का आजोबाले पाठवलेली नोटीस?" मी म्हटलं, काय बोलतेस. तिने पानं उलटून दाखवली. धर्माचा तोरा मिरवणाऱ्या परूशांवरच्या उताऱ्यापाशी समासात 'बाबा'. देवावर रुसून बसलेल्या योनावर 'बाबा'. दुसऱ्यावर जड ओझं लादणाऱ्यांच्या ओळीखाली दोनदा रेघ, पुढे 'बाबा'. "आन तू देवाले काय म्हनतेस, ते कुठं लिहिलं हाय?" तिने खरंच शोधत विचारलं. मी तिला म्हटलं, जा, अभ्यास कर. ती गेली. तिला राग आला नव्हता, तिने फक्त विचारलं होतं.

मग मी सगळी वही पुन्हा चाळली, अगदी रूथपासून. कोण कोणास म्हणाले हे लिहिलं आहे, प्रामाणिकपणे लिहिलं आहे, आणि तिसऱ्या वाचनाला जिथे 'मला काय' लिहायचं तिथे बहुतेक पानांवर तुम्ही आहात. मी उतारा वाचते आणि तो कोणाच्या मापाचा आहे ते बघते. तुमच्याकडे निदान तिघं होतो आम्ही, पाळी फिरायची. माझ्याकडे एकटे तुम्ही आहात, आणि तुम्हाला सतरंजीवरून उठून जाता येत नाही.

हे पत्र मी याच वहीच्या मागच्या पानांवर लिहिलं आहे, ते इथेच राहील. उद्या पुढचा अध्याय आहे. तो तुमच्यासाठी वाचायचा नाही असं मी ठरवलं आहे. पण बाबा, सगळ्यांना मी सांगते की पहाटे देवासाठी उठते, आणि ते पूर्ण खरं नाही. तुमच्याशी भांडायचं नसेल तर मी उठेन की नाही, हे मला माहीत नाही.